मोटारीचा वेग आणि जोर

विद्यार्थिमित्रांनो, दिवा जंक्शनच्या फलाटावरून सुटणारी लोकल आपण नेहमीं पाहतों. एवढी जड गाडी मोठा धक्का न देतां क्रमाक्रमानें वेग घेते, हें कसें साधतें? हें समजलें म्हणजे प्रयोगशाळेंतील लहान मोटारहि नीट हांकतां येईल. म्हणून आम्ही तें येथें थोडक्यांत सांगतों.

मोटार फिरूं लागली कीं ती स्वतःच उलट दिशेचा विद्युद्दाब उत्पन्न करते. वेग वाढेल तसा हा उलटा दाबहि वाढतो. समजा, मोटारीस १२ व्होल्ट मिळतात, तिच्या वेटोळ्याचा रोध २ ओहम आहे आणि उलटा दाब ११.२ व्होल्ट आहे. उरले ०.८ व्होल्ट, म्हणून प्रवाह ०.४ अँपियर. परंतु मोटार थांबलेली असतां उलटा दाब शून्य, आणि प्रवाह एकदम ६ अँपियर! यावरून ध्यानांत ठेवावें कीं, वेग मुख्यतः दाबावर व फिरविण्याचा जोर प्रवाहावर अवलंबून असतो.

१९२५ सालीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर सुरू झाली. त्या पद्धतीच्या लोकलमध्यें निघतांना मोटारींच्या मार्गांत रोध घालीत व वेग वाढेल तसे ते काढून घेत. गाडी सुखरूप निघे. परंतु प्रत्येक स्थानकावर पुष्कळ वीज उष्णतारूपानें वायां जाई. मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवरील ही १५०० व्होल्टची पद्धत २०१६ सालीं संपली.

दुसरी युक्ति अशी: वीज अडवूं नये, तर ती सेकंदास हजारों वेळां चालू-बंद करावी. यास पल्स विड्थ मॉड्युलेशन म्हणतात. एक चतुर्थांश वेळ चालू ठेविल्यास १२ व्होल्टचे सरासरी ३ व्होल्ट होतात. वेटोळें प्रवाह एकाएकीं तुटूं देत नाहीं. बंद क्षणीं तो डायोडमधून वाहत राहतो, म्हणून मोटार अडखळत नाहीं. आजच्या लोकलच्या मोटारी प्रत्यावर्ती प्रवाहाच्या आहेत. तथापि त्यांना वीज पुरविणारें यंत्र याच तत्त्वावर चालतें.

प्रयोगासाठीं एल२९३डी ही चिप पुरते. डायोड तिच्यांतच असतात. तिची मर्यादा मात्र ०.६ अँपियर आहे. वरील मोटारीस सरासरी ३ व्होल्ट मिळाले व भार तोच राहिला, तर प्रवाह ०.४ अँपियरच राहील आणि उलटा दाब २.२ व्होल्ट होईल. म्हणजे वेग पूर्वीच्या सुमारें पंचमांश. पण तोच आंस कोणी बोटांनीं धरून ठेविला, तर प्रवाह १.५ अँपियर होईल व चिप भलतीच तापेल. तेव्हां मंद फिरणारी मोटार निर्धोक असते, असें समजूं नये. प्रयोगापूर्वीं मोटारीचा रोध मोजावा, दाबास त्यानें भागावें, आणि येणारा प्रवाह सोसेल अशीच चिप निवडावी. घरीं प्रयोग करणाऱ्या मुलांच्या पालकांनींहि एवढा भागाकार अवश्य पाहावा, अशी आमची विनंती आहे.