बियाण्याच्या कोठीस दाबाचा खटका

हरभऱ्याचें बीं फाल्गुनांत कोठींत पडतें, तें आश्विनांत पेरणीच्या वेळींच बाहेर निघतें. मधल्या काळांत नागपुराकडील कडक उन्हाळा व सबंध पावसाळा त्यास काढावा लागतो. झांकण घट्ट नसेल तर दमट हवा व भुंगेरे आंत शिरतात. आमच्या एका प्लास्टिकच्या कोठीचा खटका वैशाखांत मुळाशींच मोडला. झांकणावर दगड ठेवून आम्हीं वेळ मारून नेली. पण पेरणीस कोठी उघडली तों दाण्यांस भोकें पडलेलीं! म्हणून हा खटका कसा असावा, ह्याचा विचार येथें करूं.

खटक्याचीं अंगें तीन. झांकणाच्या कडेपासून खालीं लोंबणारी जीभ, जिभेच्या टोकास बाहेरच्या बाजूनें आकडा, आणि कोठीच्या भिंतीबाहेर आकड्यासमोर खिडकी असलेला खिसा. झांकण दाबलें कीं आकड्याची उतरती बाजू खिशाच्या कांठावरून घसरते, जीभ आंत वांकते, व खिडकी येतांच सरळ होऊन आकडा अडकतो. उघडतांना खिडकींतून अंगठ्यानें आकडा आंत दाबावा.

सारी मजबुती जिभेच्या मापावर आहे. जाडी व वांक ह्यांच्या गुणाकाराची दीडपट घेऊन तीस लांबीच्या वर्गानें भागावें. म्हणजे मुळाशीं प्लास्टिक किती ताणलें जातें तें कळतें. जीभ २० मिलिमीटर लांब, २ जाड व वांक २ असेल तर हा ताण शेंकडा दीड येतो. लांबी १० केल्यास तोच शेंकडा ६ होतो. जाडी वाढविल्यानें खटका बळकट होतो हा समज चुकीचा आहे. जाडी दुप्पट केली तर ताण दुप्पट होतो, आणि दाबण्यास बळ आठपट लागतें. जीभ लांब व पातळ ठेवावी, मूळ काटकोनी न ठेवतां गोलसर करावें, आणि ती फाजील वांकूं नये म्हणून खिशाची मागची भिंत अडीच मिलिमीटरांवर असावी.

बंद स्थितींत जीभ वांकलेली राहूं नये. नागपुरास ज्येष्ठांत पारा ४५ अंशांवर जातो. अशा उष्म्यांत सतत ताणलेलें प्लास्टिक हळूहळू सैल पडतें व आकडा सुटतो.

ह्या कामास पॉलिप्रॉपिलीन चांगलें. इटलींतील रसायनशास्त्रज्ञ नाट्टा ह्यांनीं १९५४ सालीं तें घट्ट, स्फटिकमय रूपांत तयार केलें. वारंवार वांकूनहि तें सहसा तुटत नाहीं. मात्र उन्हानें ठिसूळ होतें, म्हणून त्यांत काजळीची पूड मिसळावी. आकड्याच्या बरोबर वर झांकणाच्या कडेस भोंक ठेविल्यास साच्याचा भाग त्यांतून सरळ निघतो व साचा स्वस्त पडतो. खिसा भिंतीबाहेर असल्यानें ह्या भोंकाचा बियाण्यास उपद्रव नाहीं.

कोठी घेतांना शेतकरी बंधूंनीं खटका दहा-वीस वेळां दाबून पाहावा. मुळाशीं पांढरी रेघ उमटली तर ती कोठी घेऊं नये.