परसातले गाजरगवत

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले, की परसातल्या मोकळ्या जागेत, गुलाबाच्या आळ्यात, कुंपणाच्या कडेला एक रोप जमिनीलगत पाने पसरून बसलेले दिसते. पाने गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली असतात. हेच गाजरगवत. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी. नावात गवत असले तरी ते गवत नव्हे. सूर्यफुलाच्या कुळातील ती वनस्पती आहे. मूळची ती अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातली. ती पुण्यात आढळल्याची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे काही दशकांतच ती देशभर पसरली.

‘कितीही उपटले तरी पुन्हा येते’ अशी याची तक्रार सगळे करतात. पण हेच आपण लव्हाळ्याबद्दलही म्हणतो, आणि दोघांची कारणे अगदी वेगळी आहेत. लव्हाळ्याला जमिनीत गाठी असतात. वरचा भाग उपटला तरी गाठ खाली राहते व नवे पान काढते. गाजरगवताला अशी गाठ नसते, फक्त सोटमूळ असते. त्याचा सारा प्रसार बियांवर चालतो. म्हणून ते उपटायचे कसे, यापेक्षा केव्हा, हा प्रश्न मोठा आहे.

भिंगातून त्याचे एक पांढरे फूल पाहा. खरे तर तो अनेक सूक्ष्म फुलांचा गुच्छ असतो. त्याच्या कडेला पाच फुले दिसतील आणि या पाचांचेच बी तयार होते. म्हणजे एका गुच्छाला पाच बिया. आता झाडावर असे दोन हजार गुच्छ असले, तर बिया किती? दहा हजार! मोठ्या झाडाला त्याहूनही अधिक येतात. बी इतके हलके असते, की वारा, पाणी, गुरांचे खूर, चपलेचा चिखल, कशाबरोबरही ते जाते. मातीत खोल गाडले गेलेले बी कित्येक वर्षे जिवंत राहते.

उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुले येऊ लागतात. तेवढीच आपल्याला सवड. पाऊस पडून माती मऊ असताना रोप मुळासकट काढावे. विळ्याने नुसते छाटू नये. बुडापासून पुन्हा फुटवे येतात. फुलापूर्वी उपटलेली रोपे कंपोस्टच्या खड्ड्यात खुशाल टाका, पण बी धरलेली नकोत. शाळांतून गाजरगवत उपटण्याचे श्रमदान पुष्कळदा सगळीकडे पांढरे दिसू लागल्यावर होते. तोवर बरेचसे बी गळून गेलेले असते! ते जुलैतच घ्यावे.

उघड्या हातांनी मात्र हे काम करू नये. या वनस्पतीतील पार्थेनिन या द्रव्याने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते, चट्टे उठतात. परागांमुळे शिंका व दम्याचा त्रास होतो. हातमोजे, निदान हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. दमा किंवा त्वचेचा विकार असलेल्यांनी यात पडू नये.

मिठाचे दाट पाणी फवारण्याचा उपाय काहीजण सांगतात. पडीक जागेत ठीक. बागेत त्याने माती खारावते आणि शेजारची झाडेही जळतात.

पानांवर फिकट रंगाचे, पाठीवर गडद रेघांचे बारीक भुंगेरे दिसले तर मारू नका. मेक्सिकोतून आणलेला हा झायगोग्रामा भुंगेरा १९८४ साली बंगळूर भागात मुद्दाम सोडण्यात आला. तो व त्याच्या अळ्या गाजरगवताची पाने फस्त करतात. पण कोरड्या दिवसांत तो मातीत दडून राहतो, म्हणून बागेचे काम सर्वस्वी त्याच्यावर सोपवून चालत नाही.

उपटल्यावर उघडी पडलेली जागा तशीच ठेवू नये. तेथे झेंडू किंवा टाकळा दाट पेरावा. मातीत बी किती शिल्लक आहे हे पाहायचे असेल, तर मोकळ्या कोपऱ्यात अर्धा-अर्धा मीटरचे तीन चौरस आखा. पहिला खुरप्याने खणा, दुसरा तसाच ठेवा, तिसऱ्यावर पालापाचोळ्याचा जाड थर द्या. तिन्हींना सारखे पाणी घाला. दर आठवड्याला उगवलेली रोपे मोजा, वहीत लिहा, मग उपटा. दोन महिन्यांनी तिन्ही रकाने शेजारी शेजारी मांडून पाहा.