‘ब’ कावीळ आणि मधुमेह

‘कावीळ’ हा शब्द उच्चारताच पिवळे डोळे, पिवळी लघवी आणि गळ्यात माळ घालून कावीळ उतरविणारा गावठी वैद्य आपल्या नजरेसमोर येतो. ‘ब’ प्रकारच्या काविळीच्या बाबतीत हे चित्र बरेचसे फसवे आहे. या रोगाचा विषाणू यकृतात वर्षानुवर्षे वास करतो आणि रोग्याचे डोळे मात्र स्वच्छ राहतात. जन्मसमयी मातेकडून संसर्ग झालेल्या दर दहा बालकांपैकी सुमारे नऊ बालकांच्या शरीरात तो कायमचे ठाण मांडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात असे सुमारे २ कोटी ९८ लक्ष लोक होते.

विषाणूस काबूत ठेवणाऱ्या गोळ्या आता उपलब्ध असल्याने हे रोगी उतारवयापर्यंत जगतात, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि त्या वयात मधुमेह, रक्तदाब व यकृतातील चरबी हीही दारात उभी असतात. विषाणूने आधीच दुखावलेल्या यकृतावर मधुमेहाचा भार पडला, म्हणजे यकृत आकसून निबर होण्याचा व त्यात कर्करोग उद्भवण्याचा धोका वाढतो. मद्याविषयी तर बोलावयासच नको.

अडचण अशी की, रोगी साखरेसाठी एका डॉक्टरांकडे जातो, काविळीसाठी दुसऱ्यांकडे, आणि एकाचे कागद दुसऱ्यास दाखवीत नाही. संकोच हे त्याचे मुख्य कारण असावे. परंतु हा संकोच महागात पडतो. टेनोफोविर या औषधाच्या एका प्रकाराने काहींच्या मूत्रपिंडास व हाडांस अपाय होऊ शकतो. मधुमेह आणि रक्तदाबही मूत्रपिंडावरच घाला घालतात. डॉक्टरांस दोन्ही गोष्टी ठाऊक असल्यास रक्त व लघवी तपासून औषध बदलता येते. दमा वा सांधेदुखीसाठी दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी दबलेला विषाणू पुन्हा उसळू शकतो. गोळ्या फार झाल्या म्हणून काविळीची गोळी आपल्या मनाने बंद करणे तर प्रसंगी प्राणावर बेतते.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. घरात दोघांना मधुमेह असला, की बोट टोचण्याचे एकच साधन दोघे वापरतात. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहतो. म्हणून टोचणी, इन्सुलिनचे पेन व दाढीचे पाते ज्याचे त्यानेच वापरावे. गावातील तपासणी शिबिरांतही प्रत्येकासाठी नवी सुई उघडली जाते की नाही, हे ग्रामसेवकांनी व शिक्षकांनी स्वतः पाहावे. एका पंक्तीस जेवल्याने किंवा एका बाकावर बसल्याने मात्र हा रोग होत नाही. त्या भीतीने कोणास वेगळे बसविणे अन्यायाचे आहे.

राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमास २८ जुलै २०१८ रोजी आरंभ झाला. त्याखाली ठरावीक शासकीय केंद्रांत तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. आपल्या जवळचे केंद्र कोणते, याची चौकशी प्राथमिक आरोग्य केंद्रात वा जिल्हा रुग्णालयात करावी. जाताना मधुमेहाचे व रक्तदाबाचे जुने कागद, आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची वेष्टने, बरोबर न्यावीत. घरातील इतरांचे रक्तही तपासून घ्यावे व ज्यांस संसर्ग नाही त्यांनी लस टोचून घ्यावी.