दुखणं दाजींचं, साक्ष कागदांची

चि. भाच्यास,

जिना उतरताना दाजी आधी उजवा पाय खाली टाकतात, मग डावा त्याच पायरीवर आणून टेकवतात. गुडघ्याची करकर बाजूच्या खोलीत ऐकू येते. पण बोर्डापुढे ती करकर चालत नाही, कागद चालतो. २०१९ साली निवृत्तीच्या मेडिकल बोर्डाने गुडघ्याच्या झिजेमुळे आलेलं अपंगत्व ३० टक्के मानलं आणि पुढच्या रकान्यात ‘सेवेशी संबंध नाही’ असं लिहिलं. कारण काय, तर वय. त्रेचाळिशीच्या माणसाला!

नियमात वाटा दोन आहेत: विकार सेवेमुळे उद्भवला, किंवा सेवेमुळे बळावला. फौजेतल्या कारकुनीत मामाने पाहिलंय, बहुतेक जवान पहिल्या वाटेवर अडून बसतात. अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या अर्जात दोन्ही मांड. २००७ साली सरावात पाय मुरगळून दाजींच्या गुडघ्यातली गादी फाटली होती आणि त्यानंतरही पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढणं थांबलं नव्हतं. फाटलेल्या गादीने सांधा लवकर झिजतो. हाडांच्या डॉक्टरांकडून नुसतं ‘झीज आहे’ एवढंच घेऊन येऊ नकोस. २००७च्या दुखापतीपासून आजच्या एक्स-रेपर्यंतचा दुवा त्यांनी कारणांसह लिहून द्यायला हवा.

कायदा दाजींच्या बाजूने बोलतो. धरमवीर सिंग हे सिग्नल्समधले जवान, आजार अपस्मार. त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ठरवलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर वैद्यकीय कारणाने सेवा सुटलेल्या जवानाची प्रकृती सेवेमुळेच ढासळली असं धरायचं. पुराव्याचा भार सरकारवर, संशयाचा फायदा जवानाला. हाच आधार घे. फक्त सेवा सुटल्याची तारीख ठळक लिही, कारण २१ सप्टेंबर २०२३पासून नियम बदलले आहेत.

राम अवतार खटल्यातला २०१४चा निकालही जोड. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही टक्केवारी वर नेण्याचा लाभ त्याने दिला. ३०चे ५० धरले जातात. आधी खात्याकडे अपील, तिथे नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ.

आता दाजींची हिरवी पत्र्याची पेटी उघड. इस्पितळाची डिस्चार्ज स्लिप, दुखापतीचा अहवाल, हलक्या कामाची शिफारस, सगळं तारीखवार लाव. २००७चा अहवाल घडीवर विरत आलाय. तो उलगडून आधी झेरॉक्स काढ, मग मूळ प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेव. त्या सरावात सोबत असलेल्या दोघांचे फोन नंबर दाजींच्या जुन्या डायरीत आहेत. प्रतिज्ञापत्रासाठी त्यांना याच आठवड्यात फोन कर.

तुझा मामा