घाटात कळतं गाडीचं वय

दसरा जवळ आला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. लांबच्या प्रवासाला गाडी घ्यायची आहे, दोन-अडीच लाखांची तयारी आहे. तेवढ्या पैशांत शोरूममधली नवी, एका सिलिंडरची गाडी येते, नाहीतर दहा-बारा वर्षांपूर्वीची मोठी, दोन सिलिंडरची. मोठीचा फोटो पाठवलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'दादा, फक्त ९,००० चालली आहे.' मी अशा प्रत्येकाला आंबा घाटातली गोष्ट सांगतो.

जुलै महिना होता. कोल्हापूरहून रत्नागिरीकडे उतरत होतो. माझी गाडी तेव्हा दहा वर्षांची, फेअरिंगवाली, एबीएस नसलेली. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे घडलं त्यात बनवणाऱ्याचा दोष नव्हता. एका वळणाआड ट्रक बंद पडून उभा होता आणि डोंगरावरून वाहून आलेली लाल माती रस्ताभर पसरली होती. वेग चाळीसच्या आतच होता. पुढचा ब्रेक दाबला, चाक जागच्या जागी अडकलं आणि गाडी तशीच घसरत गेली. माझी कॉलरबोन मोडली. गाडी ट्रकच्या मागच्या चाकाला टेकून थांबली. मी तिच्यासोबत तिथवर गेलो नाही, म्हणून आज हे लिहितो आहे.

पुढे गाडी मेकॅनिककडे खोलली तेव्हा तो टायरकडे बोट दाखवत म्हणाला, "नक्षी बघू नका, तारीख बघा." टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१७ असेल तर तो टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. माझ्या टायरची नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक होती, म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंगला तो पास होत होता. पण रबर आठ वर्षांचं होतं. नखाने दाबलं तर दबत नव्हतं. कोरड्या रस्त्यावर असा टायर तक्रार करत नाही. ओल्या रस्त्यावर तो पकड सोडतो, आणि आधी कळवत नाही.

म्हणून 'फक्त ९,००० चालली आहे' हे वाक्य ऐकलं की मला आनंद होत नाही, काळजी वाटते. दहा वर्षांत एवढीच चाललेली गाडी म्हणजे बहुतेक काळ पार्किंगमध्ये उभी राहिलेली गाडी. इंजिनची झीज किलोमीटरने होते, रबराची वर्षांनी. पुढच्या शॉकअपची ऑइल सील कडक होते आणि तेल झिरपून डिस्कपर्यंत पोचतं. ब्रेकची रबरी नळी आतून फुगते. लिव्हर दाबल्यावर दाब पुढे जातो, पण सोडल्यावर नीट परत येत नाही, आणि ब्रेक किंचित धरलेलाच राहतो. घाट उतरताना ती डिस्क तापते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. उभ्या गाडीचं कोण बदलतं? त्यापेक्षा चाळीस हजार चाललेली, दरवर्षी कोकणात जाऊन आलेली आणि सर्व्हिसची सगळी बिलं जपलेली गाडी मी आधी बघायला जाईन.

आता पेट्रोलचाही प्रश्न आहे. आज पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, ई-२०. त्याला टिकणारे रबर-प्लास्टिकचे भाग असलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे टाकी अर्धी ठेवून महिनोन्महिने उभी केलेली जुनी गाडी आतून गंजायला लागते. जुनी गाडी घेतलीच, तर पेट्रोलच्या नळ्या आणि सील पहिल्याच महिन्यात बदलून टाका. खर्च फार नाही.

नवी-जुनीची सीमारेषा माझ्या मते एकच आहे, आणि ती ताकदीची नाही, एबीएसची आहे. आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं ते नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि विकल्या जाणाऱ्या सगळ्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून. चाक अडकू लागल्याचं सेन्सरला कळतं आणि ब्रेकचा दाब सेकंदाला अनेकदा सोडला-धरला जातो. आंबा घाटातल्या त्या मातीवर गाडी कदाचित तेवढ्याच अंतरात थांबली असती, पण चाक फिरत राहिलं असतं, म्हणजे हँडल माझ्या हातात राहिलं असतं आणि ट्रकच्या बाजूने काढायला जागा होती. मात्र नियमाला पुढच्या एका चाकाचं एबीएसही चालतं. मागे सामान आणि माणूस घेऊन घाट उतरणाऱ्याने दोन्ही चाकांचं बघावं.

जुन्या गाड्यांमध्येही एबीएस सापडतं. होंडाची सीबीआर २५०आर २०११ साली आली तेव्हा ती दोन्ही प्रकारांत मिळत होती. अनेकांनी पैसे वाचवायला बिनएबीएसची घेतली, म्हणून जुन्या बाजारात एबीएसवाली शोधावी लागते. शोधा. चार महिने लागले तरी थांबा.

करिझ्मावाले माझ्यावर रागावतील. २००३ साली हिरो होंडाची ती २२३ सीसीची गाडी आली तेव्हा मराठी गावागावांतल्या पोरांना पहिल्यांदा वाटलं की आपणही गाडीवरून गोव्याला जाऊ शकतो. माझंही त्या गाडीवर प्रेम आहे. तिचं इंजिन हवेवर थंड होतं, कार्ब्युरेटर कुठल्याही तालुक्याच्या गावी साफ करून मिळतो, बॅटरी उतरली तर ढकलून चालू होते. पण पुढच्या टायरची रुंदी २.७५ इंच आहे आणि मागे ड्रम ब्रेक आहे. रविवारी सकाळी ताम्हिणी घाटात फेरी मारायला ती ठेवा, प्रेमाने ठेवा. बायकोला मागे बसवून पावसात कुंभार्ली घाट उतरायला ती घेऊ नका.

सुट्या भागांचं दुखणं मला सावंतवाडीजवळ कळलं. त्याच जुन्या गाडीचा रेग्युलेटर जळाला, बॅटरी चार्ज होईना आणि गाडी बंद पडली. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचा पंप विजेवर चालतो. बॅटरी पूर्ण उतरली की ढकलून काही होत नाही. मॉडेल बंद झालेलं, भाग कुठेच नाही. शेवटी गावातल्या एका इलेक्ट्रिशियनने दुसऱ्याच गाडीचा रेग्युलेटर बसवून दिला आणि मी घरी आलो. त्याच्या हाताची कमाल होती, पण प्रत्येक गावात असा माणूस भेटेल हे धरून प्रवास आखता येत नाही. कंपन्यांची नातीही बदलतात. २०१० च्या अखेरीस हिरो आणि होंडा वेगळे झाले, एप्रिल २०१७ मध्ये बजाज आणि कावासाकीची भागीदारी संपली. म्हणून पैसे देण्याआधी तुमच्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला जाऊन विचारा: या मॉडेलची क्लच केबल, ब्रेक पॅड, रेग्युलेटर, रेडिएटरचा पंखा आज मागवला तर किती दिवसांत येतो? फोनवर विचारू नका, काउंटरवर उभं राहून विचारा.

नवी गाडी घेणाऱ्यालाही सांगायचं आहे. तिचा अॅक्सिलरेटर अनेकदा तारेने नाही, विजेच्या इशाऱ्याने चालतो. सेन्सर बिघडला तर स्कॅनर लागतो, आणि तो प्रत्येक गावात नसतो. टायर, डिस्क पॅड, चेन सेट महाग. कर बघा: सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. म्हणून २५० ते ३५० मधल्या गाड्या आज जास्त परवडतात, आणि आपल्या रस्त्यांना त्या पुरतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवर बंदी. आपण राहतो जुन्या हायवेवर आणि घाटात. तिथे ताशी २०० चा वेग कामाचा नाही, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमला न अडखळता चढणारं इंजिन कामाचं.

मला विचाराल तर तीन ते पाच वर्षांची, दोन्ही चाकांना एबीएस असलेली, अजून कंपनीत बनत असलेल्या मॉडेलची गाडी घ्या. पहिल्या मालकाने नव्याची घट सोसलेली असते आणि रबर अजून जिवंत असतं. बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. गार इंजिन पहिल्या झटक्यात उठतं का, टायमिंग चेनचा खडखडाट किती वेळ राहतो, धूर कुठल्या रंगाचा, हे गरम इंजिन लपवतं. मधल्या स्टँडवर किंवा कुणाला तरी मागून धरायला सांगून पुढचं चाक उचला आणि हँडल हळू फिरवा. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेलेला आहे. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्याशी जुळवा, कर्जाची नोंद उतरलेली आहे का बघा, थकलेली चलानं मालकालाच भरायला लावा. नोंदणी पंधरा वर्षांची असते. बारा वर्षांची गाडी घेतली तर तीन वर्षांत पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर तुमच्या माथी येतो.

आणि ट्रायलला एकटे जाऊ नका. जो माणूस मागे बसून तुमच्यासोबत गोव्यापर्यंत येणार आहे त्याला, तिला, घेऊन जा. या गाड्यांची मागची सीट अनेकदा उंच आणि अरुंद असते, फूटरेस्ट वर असतात, गुडघे दुमडून बसावं लागतं, आणि सामानाची पेटी लावली की टेकायलाही जागा उरत नाही. किमान अर्धा तास दोघं मिळून फिरा, एखादा खराब पट्टा मुद्दाम निवडा. ती उतरून नको म्हणाली तर किंमत पाडायला बसू नका, दुसरी गाडी बघा.