सरासरी वय म्हणजे नक्की कोणाचे वय?

गेली काही वर्षे एक वाक्य आपल्या सभांमधून आणि मोबाइलवरून फिरते आहे: 'दलित स्त्री सरासरी साडेएकोणचाळीस वर्षे जगते.' एका विहारातल्या आरोग्य बैठकीत ते वाचून दाखवले गेले, तेव्हा मागे बसलेल्या एका बाईंनी विचारले, "मी एकेचाळीसची आहे. म्हणजे माझं झालं का?" बाकीच्या बायका हसल्या. त्या हसल्या नाहीत. आम्हालाही त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही. आज या पानावर ते देण्याचा प्रयत्न करतो. त्यासाठी आधी 'सरासरी वय' या दोन शब्दांची उलटतपासणी करावी लागेल, कारण आरोग्याच्या आणि मनाच्या आजारांच्या जवळजवळ प्रत्येक संशोधनात ते येतात आणि वाचणारा त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे जातो.

सरासरी काढणे सोपे आहे. सगळ्यांच्या वयांची बेरीज करायची आणि माणसांच्या संख्येने भागायचे. समजा, विहारात रक्ततपासणीचे शिबिर झाले आणि पाच जणी आल्या. त्यांची वये २२, २४, २५, ६७ आणि ७२. बेरीज २१०, सरासरी ४२. अहवालात लिहिले जाईल, 'सहभागी महिलांचे सरासरी वय ४२ वर्षे.' वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चाळिशीतल्या, घर आणि काम सांभाळणाऱ्या बायका येतील. प्रत्यक्षात शिबिरात चाळिशीतली एकही बाई नव्हती. तीन नव्या सुना होत्या आणि दोन आज्या होत्या. दुसऱ्या वस्तीतल्या शिबिरात ४०, ४१, ४२, ४३ आणि ४४ वयाच्या पाच जणी आल्या, तर त्यांचीही सरासरी ४२ च येते. आकडा एकच, माणसे मात्र पूर्ण वेगळी.

म्हणून नीट लिहिलेल्या संशोधनात नुसती सरासरी देत नाहीत. तिच्या शेजारी आणखी एक आकडा असतो, त्याला प्रमाण विचलन म्हणतात. नाव अवघड आहे, अर्थ सोपा आहे: माणसे सरासरीपासून किती लांब पसरली आहेत, हे तो सांगतो. आपल्या पहिल्या शिबिरात तो साधारण २५ येतो, दुसऱ्यात दीडच्या आसपास. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या सहभागीचे वयही द्यायचे असते. कधी सरासरीऐवजी मध्यक देतात. सगळ्यांना वयाप्रमाणे ओळीत उभे केले की मधोमध जी व्यक्ती येते, तिचे वय म्हणजे मध्यक. पहिल्या शिबिराचा मध्यक २५ आहे, म्हणजे तिथे तरुणी जास्त होत्या हे लगेच कळते. ही सगळी माहिती संशोधनाच्या लेखात बहुधा पहिल्याच तक्त्यात असते. वर्तमानपत्रात बातमी येते तेव्हा सर्वांत आधी तोच तक्ता गळतो.

एक नेहमीचे उदाहरण घ्या. 'देशातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी' हे वाक्य तुम्ही वाचले असेल. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा तो आकडा आहे आणि तो १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचा आहे. पन्नाशी ओलांडलेली, धुणीभांडी करून कंबर मोडलेली बाई त्या मोजणीत नाही. तिच्या अंगात रक्त किती आहे, हे तो आकडा सांगत नाही. सर्वेक्षण खोटे नाही. बातमी देणाऱ्याने वयोगट गाळला, एवढेच.

वय कळले की उपचाराचा निर्णय कसा बदलतो, ते आता पाहू. आपल्या घरांतून हमखास ऐकू येते, "आजी ब्याऐंशीची झाली, आता कशाला बीपीची गोळी?" एके काळी डॉक्टरांनाही हीच शंका होती, कारण औषधांच्या बहुतेक चाचण्या कमी वयाच्या लोकांवर झाल्या होत्या. २००८ साली 'हायवेट' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्यात ८० च्या पुढचीच माणसे घेतली होती, एकूण ३,८४५, सरासरी वय ८३.६ वर्षे. वरचा रक्तदाब १६० किंवा त्याहून अधिक असलेल्या या वृद्धांना औषध दिले, तेव्हा औषध घेणाऱ्यांत मृत्यू सुमारे एकपंचमांशाने कमी झाले. तेव्हा आजीची गोळी वयामुळे बंद करू नका. पण त्या चाचणीत स्मृतिभ्रंश झालेले आणि सतत शुश्रूषेची गरज असलेले वृद्ध घेतले नव्हते, हेही लक्षात ठेवा. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांसाठी डॉक्टरांनी वेगळा विचार केला, तर तो निष्काळजीपणाच असेल असे नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण 'स्प्रिंट' या अमेरिकेतल्या चाचणीचे. २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष आले आणि वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली आणल्यास हृदयाचे आजार कमी होतात, अशी बातमी जगभर झाली. त्या चाचणीत ९,३६१ माणसे होती. सगळी पन्नाशीपुढची, सरासरी वय सुमारे ६८. मधुमेह असलेले आणि आधी पक्षाघात होऊन गेलेले त्यात घेतलेच नव्हते. पस्तिशीतल्या मधुमेही रिक्षाचालकाने ती बातमी वाचून आपली गोळी स्वतःच वाढवली, तर तो दुसऱ्याच्या मापाचे कपडे घालतो आहे. गोळी वाढवणे, कमी करणे, बंद करणे हे डॉक्टरांना विचारूनच करायचे.

हृदयविकाराच्या बाबतीत तर वयाचा हा प्रश्न थेट जिवावर येतो. 'इंटरहार्ट' या ५२ देशांतील मोठ्या अभ्यासातून दक्षिण आशियाची माहिती वेगळी काढून २००७ साली प्रसिद्ध झाली. पहिला झटका येतानाचे सरासरी वय भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि नेपाळ मिळून ५३ वर्षे होते. बाकीच्या देशांत ते ५८.८ होते. सगळ्या देशांचा एकच आकडा दिला असता, तर आपल्याकडची ही सहा वर्षांची घाई त्यात बुडून गेली असती. सरासरी ५३ म्हणजे कितीतरी जणांना झटका त्याच्याही आधी आलेला. तंबाखू-विडी, रक्तदाब, साखर आणि रक्तातली चरबी ही कारणे आपल्याकडे लवकर गाठतात, हे त्या अभ्यासात दिसले. म्हणून पंचेचाळिशीतल्या माणसाच्या छातीवर दडपण आले, घाम फुटला, कळ डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर "या वयात कसला झटका, गॅस असेल" म्हणून सोडा पाजत बसू नका. १०८ ला फोन करा.

मनाच्या आजारांकडे वळलो की गोष्ट आणखी विचित्र होते. 'मानसशास्त्र सांगते की माणूस असा वागतो' अशी वाक्ये आपण रोज वाचतो. तो माणूस कोण? जेफ्री आर्नेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००८ साली आपल्याच देशातील सहा नामांकित नियतकालिकांतले लेख तपासले. अभ्यासलेल्या माणसांपैकी ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील निघाली. त्या देशांत जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते. त्यांपैकी एका नियतकालिकात तर अमेरिकी अभ्यासांतील दोनतृतीयांश गट फक्त मानसशास्त्र शिकणाऱ्या कॉलेज विद्यार्थ्यांचे होते. म्हणजे विशीच्या आसपासची, शिकणारी, बहुतेक पोटाची चिंता नसलेली मुले. सहभागींचे सरासरी वय १९ किंवा २० दिसले की समजावे, प्राध्यापकांनी आपला वर्गच प्रयोगाला बसवला आहे. त्यातून निघालेले सगळेच चूक असते असे आम्ही म्हणत नाही. पण गिरणी बंद पडल्यापासून गप्प झालेला साठीचा बाप आणि तिसऱ्यांदा स्पर्धा परीक्षा हुकलेली त्याची मुलगी, या दोघांच्या मनाचा ठाव त्या वर्गखोलीत लागेल, हे मानायला आम्ही तयार नाही.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे. साडेएकोणचाळीसचा आकडा कुणी मनातून काढलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेच्या २०१८ च्या अहवालात तो आहे: दलित स्त्रियांचे मृत्यूच्या वेळचे सरासरी वय ३९.५ वर्षे, उच्चवर्णीय स्त्रियांचे ५४.१. फरक १४.६ वर्षांचा. पण 'मृत्यूच्या वेळचे सरासरी वय' आणि 'स्त्री सरासरी इतकी वर्षे जगते' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला आकडा फक्त मरण पावलेल्यांचा आहे. त्यात दोन महिन्यांचे बाळही आहे आणि ऐंशीची म्हातारीही आहे. ज्या समाजात लेकरे जास्त आणि वृद्ध कमी, तिथे तो आकडा आपोआप खाली येतो.

हिशेब करून पाहा. दोन वस्त्या घेऊ, प्रत्येकीत ५०० माणसे. दोन्हीकडे वर्षाला शंभर लेकरांमागे एक दगावते आणि शंभर वृद्धांमागे दहा जातात. धोका अगदी सारखा. दगावणारे लेकरू दोन वर्षांचे आणि वृद्ध सत्तर वर्षांचा धरू. पहिल्या वस्तीत ४०० लेकरे आणि १०० वृद्ध आहेत. तिथे वर्षात चार लेकरे आणि दहा वृद्ध गेले, तर मृत्यूचे सरासरी वय सुमारे ५१ येते. दुसऱ्या वस्तीत १०० लेकरे आणि ४०० वृद्ध आहेत. तिथे एक लेकरू आणि चाळीस वृद्ध गेले, सरासरी सुमारे ६८ झाली. सतरा वर्षांचा फरक पडला, पण पहिल्या वस्तीतल्या कोणाही माणसाचे आयुष्य त्यामुळे कमी झालेले नाही.

म्हणजे भेद नाहीच, असे कोणी यातून म्हणू लागले तर त्यालाही उत्तर आहे. खऱ्या तुलनेसाठी आयुर्मान काढतात. त्यात प्रत्येक वयाला मरणाचा धोका किती, हे वेगवेगळे मोजून हिशेब करतात, त्यामुळे लेकरे जास्त की वृद्ध जास्त याचा परिणाम होत नाही. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, ओडिशा यांसह नऊ राज्यांचा असा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत दलितांचे आयुर्मान तीन वर्षांहून अधिक कमी आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी आढळले. गरिबीने या फरकाचा निम्म्याहूनही कमी भाग उलगडतो, असेही त्यात दिसले. महाराष्ट्र त्या नऊ राज्यांत नाही. तीन वर्षे हा आकडा चौदाइतका धक्का देत नाही, पण तो वादात टिकतो. सभेत बोलताना आम्ही तोच वापरतो आणि कार्यकर्त्यांनीही तोच वापरावा, असे आमचे मत आहे. कालाम सुत्त आपल्या बाजूच्या आकड्यालाही लागू आहे.

आणि ताई, तुमचे काही झालेले नाही. ज्या बाईने एकेचाळिशी गाठली, तिने बाळपणाचे आणि बहुधा बाळंतपणांचेही धोके मागे टाकलेले असतात. ते ३९.५ तुमच्या वाट्याचे आयुष्य नव्हतेच. तुमच्यापुढचे धोके रक्तदाबाचे, साखरेचे आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे आहेत, आणि त्यांची तपासणी करता येते.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. वयांची सरासरी जी वये आपण सांगतो त्यांवरूनच निघते. आपल्याकडे कितीतरी वडीलधाऱ्यांचा वाढदिवस १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तोच दिवस लिहिला. जे शाळेतच गेले नाहीत, ते आशाताईंना "लिहा साठ" म्हणतात. म्हणून सर्वेक्षणांत ४०, ४५, ५०, ६० अशा वयांची गर्दी दिसते. जाणकार सर्वेक्षक अशा वेळी वय विचारत नाहीत, प्रसंग विचारतात. आपणही घरी तसे करावे. आजीला विचारा: नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वेळी, म्हणजे १९५६ ला, तू चालत होतीस की कडेवर होतीस? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलीस, तेव्हा पदरात लेकरू होते का? किल्लारीचा भूकंप झाला, १९९३ ला, तेव्हा थोरल्याचे लग्न झाले होते का? दोन-तीन उत्तरे जुळली की जन्मसाल वर्ष-दोन वर्षांच्या फरकाने सापडते. ते दवाखान्याच्या फाइलवर पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा. आधार कार्डावरचे साल वेगळे असेल, तर डॉक्टरांना दोन्ही सांगा. औषधाची मात्रा ठरवताना त्यांना खरे वय लागते.