कपड्यांचा मळ काढणारी रसायने आणि प्रथमोपचार

निवासी शाळेत दाखल झालेला पाचवीचा विद्यार्थी पहिल्या आठवड्यातच आपले कपडे आपण धुण्यास शिकतो. ही सवय जन्मभर उपयोगी पडते, याची साक्ष आपले माजी विद्यार्थी देतील. परंतु धुण्याच्या जागी त्याच्या हाती येणारी पावडर, सोडा किंवा ब्लीच यांचे गुणधर्म त्याला सहसा कोणी समजावून सांगत नाही. घरोघरीही थोड्याफार फरकाने हीच स्थिती आढळते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय आपण अभ्यासासाठी घेऊ.

राख आणि रिठे यांनी कपडे धुण्याचा काळ आता मागे पडला. आज धुण्याचा सोडा, डिटर्जंट, ब्लीच अशी द्रव्ये घरात असतात. त्यांपैकी बहुतेक आम्लारिधर्मी आहेत. तेलकट मळ सोडविणे हा आम्लारीचा गुण. पण आपल्या पेशीही स्निग्ध पदार्थ व प्रथिने यांच्याच बनलेल्या असतात. म्हणून जे द्रव्य कापड स्वच्छ करते, तेच तीव्र स्वरूपात डोळ्यात किंवा घशात गेले, तर खोलवर इजा करते. साधी पावडर चिमूटभर तोंडात गेल्यास बहुधा मळमळ, उलटी यांवर भागते. कॉस्टिक सोडा मात्र अन्ननलिका भाजून काढतो.

या संदर्भात इतिहासातील एक उदाहरण बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील घरांत साबण बनविण्यासाठी व साफसफाईसाठी कॉस्टिक सोडा सर्रास वापरला जाई. डब्यावर धोक्याची सूचना नसे. लहान मुले ती पांढरी पूड तोंडात घालीत; जखम भरताना अन्ननलिका आकसे आणि मुलाला पाण्याचा घोटही गिळता येत नसे. फिलाडेल्फियाचे घशाचे शल्यचिकित्सक शेव्हालिए जॅक्सन यांनी अशा मुलांवर उपचार केले; पण केवळ उपचारांवर ते थांबले नाहीत. डब्यावर इशारा छापलाच पाहिजे, यासाठी त्यांनी चिकाटीने प्रयत्न केले आणि 1927 साली तसा कायदा झाला. पुढे 1970 मध्ये मुलांना सहज उघडता न येणाऱ्या वेष्टनांचाही कायदा तेथे आला. अपघात हा दैवाचा भोग नसून त्याला कारण असते आणि ते कारण दूर करता येते, हा यातील धडा होय.

आता प्रत्यक्ष प्रसंगी काय करावे, ते पाहू.

1. पोटात गेल्यास : उलटी करवू नये. घसा एकदा भाजलेला असतो. उलटीने तो पुन्हा भाजतो आणि डिटर्जंटचा फेस फुप्फुसात शिरू शकतो. मिठाचे पाणी, लिंबू, ताक यांपैकी काही पाजू नये. तोंडातील अंश पुसून काढावा, चूळ भरावयास सांगावी आणि त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा. लाळ गळणे, गिळता न येणे, आवाज बसणे, धाप लागणे किंवा गुंगी येणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. ओठांवर भाजल्याची खूण नाही, म्हणून घसा सुरक्षित आहे असे समजू नये. द्रव्याचा डबा सोबत न्यावा.

2. डोळ्यात गेल्यास : डोळा चोळू नये. डोके एका बाजूस कलते करून, इजा झालेला डोळा खालच्या बाजूस ठेवून, स्वच्छ पाण्याच्या संथ धारेने किमान 15 ते 20 मिनिटे धुवावा. गुलाबपाणी, मध, तूप यांत वेळ दवडू नये. नंतर नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.

3. त्वचेवर सांडल्यास : भिजलेले कपडे काढावेत, कोरडी पूड आधी झटकावी आणि मग भरपूर पाण्याने धुवावे. हळद किंवा टूथपेस्ट लावू नये.

4. वाफ श्वासात गेल्यास : ब्लीच आणि संडास साफ करण्याचे ॲसिड एकत्र केल्यास क्लोरीन हा विषारी वायू निघतो. ही द्रव्ये कधीही मिसळू नयेत. त्रास झालेल्यास लगेच मोकळ्या हवेत आणावे.

5. शुद्ध हरपल्यास : तोंडातून काहीही देऊ नये, श्वास चालू असेल, तर कुशीवर वळवावे.

रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात 108 हा क्रमांक आहे. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्र 1800 116 117 या निःशुल्क क्रमांकावर अहोरात्र मार्गदर्शन करते. हे दोन्ही क्रमांक धुण्याच्या जागेजवळ भिंतीवर लिहून ठेवावेत.

प्रतिबंधाचे नियम मोजकेच आहेत. ॲसिड, फिनेल किंवा ब्लीच थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरू नये. तहानलेले मूल बाटली ओळखते, आतील द्रव्य नाही. मूळ डबा, घट्ट झाकण आणि उंच फळी पुरेशी आहे. शहरांत व परदेशांत स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी वॉशिंग मशिनमध्ये टाकावयाच्या रंगीत गोळ्यांबाबत विशेष दक्ष राहावे. त्या गोळीचे आवरण ओलाव्याने विरघळते आणि आतील दाट द्रव एकदम तोंडात वा डोळ्यात उडतो.

पालकहो, शेवटी एक विनंती. मूल अपघात लपविते, ते बहुधा मार बसेल या भीतीने. आणि लपविण्यात गेलेली मिनिटेच डोळा किंवा घसा वाचविण्याची असतात. "काय झाले ते सांग, आम्ही रागावणार नाही," हा विश्वास मुलाला अपघातापूर्वीच मिळाला पाहिजे. वसतिगृहात तो आम्ही शिक्षकांनी द्यावा, घरी आपण द्यावा.